दोन संगणकांचा संवाद : टीसीपी सर्व्हर आणि क्लायंट



संगणकशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षी बेरजेच्या, क्रमवारीच्या आणि शोधाच्या आज्ञावल्या लिहितो. या सर्व आज्ञावल्या एकाच यंत्रात जन्मतात आणि तेथेच संपतात. दुसऱ्या यंत्राशी बोलणारी आज्ञावली लिहिण्याची वेळ आली, की पुष्कळदा पुस्तकातले दहा-बारा ओळींचे उदाहरण उतरवून घेतले जाते. ते चालते, वहीवर सही होते आणि विषय मागे पडतो. प्रस्तुत लेखात तेच उदाहरण आपण पायरीपायरीने उभे करणार आहोत. मात्र ते चालले म्हणून थांबणार नाही. ते कोठे मोडते आणि का मोडते, हे पाहिल्यावाचून हा पाठ पुरा होत नाही. आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत, आणि हे उदाहरण मोडते ते नेमके या दोन्ही लिपींत. इंग्रजी मजकुरात तोच दोष बराच काळ लपून राहू शकतो.

उदाहरणासाठी पायथन ही भाषा घेतली आहे. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत लिहावयाची, आणि आकडेही रोमन पद्धतीने. पायथनची तिसरी आवृत्ती वापरावी.

१. टीसीपी काय करते

इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान पुडक्यांत विभागून पाठविला जातो. आयपी या खालच्या थराचे काम पुडके पत्त्यावर नेण्याचे. परंतु आयपी कोणतीही हमी देत नाही. पुडके हरवू शकते, दोनदा येऊ शकते, मागून निघालेले आधी पोहोचू शकते. या गोंधळातून नीट क्रमाने लागलेला, गळती नसलेला मजकूर उभा करण्याचे काम टीसीपी करते.

व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी या कल्पनेची मांडणी १९७४ सालच्या एका निबंधात केली. सप्टेंबर १९८१ मध्ये टीसीपीचे नियमपत्र ७९३ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट हे जाळे या पद्धतीवर आले. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्स आवृत्तीत 'सॉकेट' ही सोय आली, आणि आज आपण ज्या आज्ञा वापरणार आहोत त्यांची नावे तेथूनच चालत आलेली आहेत. जुन्या नियमपत्राची जागा ऑगस्ट २०२२ मध्ये ९२९३ या क्रमांकाच्या नव्या पत्राने घेतली; परंतु मूळ तत्त्व बदललेले नाही.

ते तत्त्व असे. पाठविणारी बाजू प्रत्येक बाइटाचा क्रम मोजते. घेणारी बाजू 'इथपर्यंत पोहोचले' अशी पोच देते. पोच वेळेत आली नाही तर तेच बाइट पुन्हा पाठविले जातात. बाइट आठ बिटांचा असतो, म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक आकडा. येथे एक गोष्ट अधोरेखित करून ठेवावी. टीसीपी क्रमांक देते ते बाइटांना, संदेशांना नव्हे. संदेश म्हणजे काय हे टीसीपीला ठाऊकच नाही. पुढील सर्व विवेचन या एका वाक्यातून निघते.

२. दोन बाजू

संवादाला दोन बाजू लागतात. एक बाजू ठरलेल्या ठिकाणी वाट पाहत बसते. तिला सर्व्हर म्हणतात. दुसरी बाजू आपणहून तिच्याकडे जाते. तिला क्लायंट म्हणतात. सर्व्हर म्हणजे मोठे यंत्र असा पुष्कळांचा समज असतो, तो बरोबर नाही. एकाच संगणकावर दोन खिडक्या उघडून एकीत सर्व्हर आणि दुसरीत क्लायंट चालविता येतो. आपला प्रयोग आपण तसाच करणार आहोत.

'ठरलेले ठिकाण' दोन आकड्यांनी सांगतात. पहिला आयपी पत्ता. तो यंत्र कोणते ते सांगतो. दुसरा पोर्ट क्रमांक. तो त्या यंत्रातील आज्ञावली कोणती ते सांगतो. इमारतीचा पत्ता आणि आतल्या खोलीचा क्रमांक, असे समजावे. पोर्ट क्रमांक ६५,५३५ पर्यंत असतात. युनिक्सच्या परंपरेत १,०२४ च्या खालचे क्रमांक व्यवस्थापकासाठी राखीव असतात, म्हणून आपण ५०५० घेऊ. पत्ता १२७.०.०.१ घेऊ. हा पत्ता प्रत्येक यंत्रात 'मी स्वतः' या अर्थाने वापरतात. या पत्त्यावर पाठविलेला मजकूर यंत्राबाहेर जात नाही.

आपला सर्व्हर करील ते काम अगदी साधे आहे. जे ऐकले तेच परत पाठवावयाचे. याला प्रतिध्वनी सर्व्हर म्हणता येईल. अशा सेवेचे एक छोटेसे नियमपत्र १९८३ पासून आहे, आणि तिच्यासाठी ७ हा पोर्ट क्रमांक नेमलेला आहे.

३. सर्व्हरच्या पायऱ्या

पायरी पहिली : सॉकेट. 'सॉकेट' हे मोड्यूल आयात करून त्यातील 'सॉकेट' हीच आज्ञा द्यावी. तिला दोन गोष्टी सांगावयाच्या. पत्त्याचा प्रकार 'एएफ_आयनेट', म्हणजे आयपीची चौथी आवृत्ती. आणि दळणवळणाचा प्रकार 'सॉक_स्ट्रीम', म्हणजे टीसीपी. 'स्ट्रीम' म्हणजे प्रवाह. हा शब्द उगाच निवडलेला नाही, त्याकडे आपण पुढे वळू.

पायरी दुसरी : बाइंड. या आज्ञेने सॉकेटला पत्ता आणि पोर्ट जोडून दिला जातो. पायथनमध्ये पत्ता आणि पोर्ट मिळून एकच जोडी द्यावयाची असते, म्हणून कंस दुहेरी येतो. एकेरी कंस दिल्याने येणारी चूक प्रयोगशाळेत वारंवार दिसते.

पायरी तिसरी : लिसन. आतापासून येणाऱ्यांना रांगेत उभे राहण्याची परवानगी मिळाली. येथे अद्याप कोणाशी बोलणे झालेले नाही.

पायरी चौथी : ॲक्सेप्ट. ही आज्ञा रांगेतल्या पहिल्या क्लायंटला आत घेते. रांग रिकामी असेल तर आज्ञावली येथेच थांबून राहते. सर्व्हर सुरू केल्यावर पडद्यावर काहीच हलत नाही म्हणून घाबरू नये. तो वाट पाहत आहे. ॲक्सेप्ट दोन वस्तू परत देते. एक नवे सॉकेट आणि आलेल्याचा पत्ता. हे नवे सॉकेट नीट ओळखावे. जुने सॉकेट दारावर उभ्या असलेल्या शिपायाचे काम करते आणि नवे सॉकेट आतल्या टेबलावरच्या कारकुनाचे. बोलणे कारकुनाशी करावयाचे, शिपायाशी नाही. दोन्हींना वेगळी नावे द्यावीत. 'दार' आणि 'टेबल' या अर्थाची दिली तरी चालतील.

पायरी पाचवी : रिसीव्ह. टंकताना ही आज्ञा आर-ई-सी-व्ही अशा चारच अक्षरांनी लिहितात. तिला १,०२४ असा आकडा द्यावा. याचा अर्थ 'जास्तीत जास्त १,०२४ बाइट दे' असा आहे. 'नेमके १,०२४ दे' असा नाही, आणि 'एक संदेश दे' असा तर मुळीच नाही.

पायरी सहावी : सेंडऑल. आलेले बाइट तसेच परत पाठवावेत. 'सेंड' नावाचीही आज्ञा आहे, पण ती दिलेल्यापैकी थोडेच बाइट स्वीकारून परत येऊ शकते आणि उरलेले पाठविण्याची जबाबदारी आपल्यावर राहते. सेंडऑल सर्व बाइट संपेपर्यंत थांबते. तरीही सेंडऑल यशस्वी झाले म्हणजे पलीकडच्याने वाचले, असे नव्हे. पत्र पेटीत पडले, एवढेच त्यावरून समजते.

पायरी सातवी : क्लोज. पाचवी आणि सहावी पायरी आवर्तनात ठेवावी. रिसीव्हने रिकामा, शून्य बाइटांचा तुकडा दिला तर क्लायंटने आपले बोलणे संपविले असे समजावे, आवर्तनातून बाहेर पडावे आणि 'टेबल' बंद करावे. ही तपासणी विसरली तर सर्व्हर रिकामे तुकडे अखंड वाचत फिरत राहतो आणि यंत्र तापते.

४. क्लायंटच्या पायऱ्या

क्लायंटचे काम सोपे आहे. तोही त्याच दोन प्रकारांचे सॉकेट तयार करतो. त्याला बाइंड करावे लागत नाही, कारण त्याचा पोर्ट क्रमांक यंत्रच रिकाम्यांतून नेमून देते. पुढे 'कनेक्ट' ही आज्ञा, सर्व्हरच्या पत्त्याच्या आणि पोर्टच्या जोडीसह. या क्षणी दोन्ही यंत्रांत तीन पुडक्यांची देवघेव होते. 'जोडणी करू का?', 'हो, तुझे ऐकू आले, माझे ऐकू येते का?', 'येते.' यानंतर जोडणी झाली असे मानतात.

आता 'नमस्कार' हा शब्द पाठवू. परंतु सेंडऑल शब्द स्वीकारत नाही, बाइट स्वीकारते. म्हणून शब्दावर 'एन्कोड' ही आज्ञा चालवून त्याचे यूटीएफ-८ पद्धतीने बाइट करावयाचे, ते पाठवावयाचे, रिसीव्हने उत्तर घ्यावयाचे आणि 'डिकोड' करून पुन्हा शब्द करावयाचा. शब्द आणि बाइट यांतील हा भेद २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथनने सक्तीचा केला. विद्यार्थ्यांना ही सक्ती जाचक वाटते. ती किती उपकारक आहे हे लौकरच दिसेल.

प्रथम सर्व्हर सुरू करावा, नंतर दुसऱ्या खिडकीत क्लायंट. क्रम उलटा झाला तर 'जोडणी नाकारली' असा संदेश येतो. क्रम बरोबर असेल तर पडद्यावर 'नमस्कार' उमटतो. सर्व्हर बंद करून लगेच पुन्हा सुरू केल्यास 'पत्ता आधीच वापरात आहे' अशी तक्रार येऊ शकते. जोडणी आधी तोडणारी बाजू उशिरा येणाऱ्या पुडक्यांसाठी ती जोडणी थोडा वेळ स्मरणात ठेवते. लिनक्सवर हा काळ ६० सेकंदांचा असतो. बाइंडच्या आधी 'सेट-सॉक-ऑप्ट' या आज्ञेने 'एसओ_रीयूजॲडर' हा पर्याय चालू केला म्हणजे ही अडचण राहत नाही.

पुस्तकातील उदाहरण येथे संपते. आपला विषय येथून सुरू होतो.

५. पाटाचे पाणी

शेताला पाटाने पाणी देताना वरच्या तोंडाशी कोणी एक घागर ओतली, थोड्या वेळाने दुसरी ओतली, तर खालच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला पहिली घागर कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली हे सांगता येईल काय? पाणी सगळे पोहोचेल आणि क्रमानेच पोहोचेल. पण घागरीची खूण पाण्यावर राहत नाही. खालच्या माणसाच्या हातात तांब्या असेल तर तो तांब्याने भरून घेईल, बादली असेल तर बादलीने.

टीसीपी हा असा पाट आहे. सेंडऑल म्हणजे वर ओतलेली घागर आणि रिसीव्ह म्हणजे खाली धरलेले भांडे. क्लायंटने लागोपाठ 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' असे दोनदा सेंडऑल केले, तर सर्व्हरला एकाच रिसीव्हमध्ये दोन्ही शब्द चिकटून मिळू शकतात. उलट, एकच लांब मजकूर पाठविला तर तो तीन-चार तुकड्यांत मिळू शकतो. नेहमीच्या इथरनेटच्या जाळ्यावर एका पुडक्यात १,५०० बाइट मावतात. त्यांतून आयपी आणि टीसीपीची किमान शीर्षके वजा जाता मजकुराला १,४६० उरतात. तेव्हा तुकडे पडणे हा अपघात नसून रोजचा व्यवहार आहे.

मग आपल्या प्रयोगात हे का दिसले नाही? कारण शब्द लहान होता, यंत्र एकच होते आणि वाटेत कोणतेही जाळे नव्हते. आपल्या यंत्रावर शंभर वेळा बरोबर चाललेली आज्ञावली दुसऱ्या गावच्या यंत्राशी बोलताना बिघडते ती यामुळे. शंभर वेळा चालणे हा पुरावा नव्हे. ज्या परिस्थितीत ती मोडते ती परिस्थिती तेथे आलेलीच नसते.

६. 'नमस्कार'चे एकवीस बाइट

प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक देणारी युनिकोड ही जागतिक योजना आहे, आणि ते क्रमांक बाइटांत मांडण्याची यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली तयार केली. या पद्धतीत इंग्रजीचे अक्षर एका बाइटात बसते. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिपींच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात.

'नमस्कार' या शब्दात संगणकाच्या हिशेबाने सात चिन्हे आहेत : न, म, स, हलन्ताची खूण, क, काना आणि र. साताला तिनाने गुणून २१ बाइट. कन्नड लिपीत हाच शब्द लिहिला तर तीच सात चिन्हे त्याच क्रमाने येतात आणि तेथेही २१ बाइटच होतात. भारतीय लिपींसाठी १९८८ मध्ये आखलेल्या इस्की या संकेतमालेची मांडणी युनिकोडने उचलली, त्यामुळे आपल्या लिपी तेथे एकाच साच्यात ओळीने बसल्या आहेत. देवनागरी 'न'चा क्रमांक २,३४४ आणि कन्नड 'न'चा ३,२४०, अंतर ८९६. 'म', 'स', 'क', 'र', काना, हलन्त, कोणतेही घ्या, अंतर तेवढेच. बाइटांत पाहिले तर देवनागरी 'न' म्हणजे २२४, १६४, १६८ आणि कन्नड 'न' म्हणजे २२४, १७८, १६८. पहिला बाइट समान, तिसरा समान. अक्षर मराठीचे की कन्नडचे, हे एकटा मधला बाइट सांगतो.

आता सर्व्हरमधील १,०२४ हा आकडा बदलून १० करा आणि प्रत्येक तुकडा आल्याबरोबर डिकोड करून छापा. दहा बाइट म्हणजे तीन पूर्ण चिन्हे आणि चौथ्याचा एक बाइट. आज्ञावली 'युनिकोड-डिकोड-एरर' देऊन थांबते. हा त्यातल्या त्यात चांगला शेवट, कारण दोष निदान ओरडून सांगितला गेला. ओरड नको म्हणून काहीजण डिकोडला 'चूक असेल तेथे दुसरे चिन्ह घाल' असे सांगतात. मग शब्दाच्या मध्ये काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह बसते.

आता १० च्या जागी ९ करा. येथे काहीच ओरड होत नाही. पहिला तुकडा 'नमस', दुसरा सुट्या हलन्ताने सुरू होणारा, पुढे 'क' आणि काना, आणि तिसऱ्यात एकटा 'र'. प्रत्येक तुकडा नियमाने शुद्ध आहे, म्हणून संगणकाची हरकत नाही.

एवढ्यावर हसून सोडून देऊ नये. समजा हाच सर्व्हर प्रवेश अर्जावरची नावे स्वीकारतो आणि एक रिसीव्ह म्हणजे एक नाव असे गृहीत धरतो. 'कमला' या नावाचे चार चिन्हांचे १२ बाइट. तुकडा नवव्या बाइटापाशी पडला तर नोंदीत 'कमल' लिहिले जाते. दोन्ही खरी नावे आहेत. संगणकाला शंका येत नाही आणि यादी तपासणाऱ्या कारकुनालाही येत नाही. कळते ते त्या मुलीला, गुणपत्रिका हाती आल्यावर. आणि मग एका कान्यासाठी तिला प्रतिज्ञापत्र करावे लागते. आपल्या सीमाभागात एकाच व्यक्तीचे नाव एका कागदावर देवनागरीत तर दुसऱ्यावर कन्नडमध्ये असते. दोन्ही जुळली पाहिजेत अशी अपेक्षा असते. तेव्हा हा दोष येथे दुप्पट महाग पडतो.

'भांडे मोठे धरू' हा उपाय नव्हे. १,०२४ ला तिनाने भागून बाकी १ उरते. १,४६० ला भागून २. शिवाय मजकुरात एका बाइटाच्या मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम असतातच. तुकडा कोठे पडेल हे आपल्या हाती नाही. संदेश कोठे संपतो हे ठरविणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.

७. खूण करण्याच्या दोन रीती

पहिली रीत : ओळीची खूण. प्रत्येक संदेशाच्या शेवटी नव्या ओळीचे चिन्ह पाठवावयाचे. त्याचा बाइट १० हा आहे. घेणाऱ्याने एक साठा ठेवावा, आरंभी रिकामा. साठ्यात १० हा बाइट सापडेपर्यंत रिसीव्ह करीत राहावे आणि येईल तो तुकडा साठ्याच्या शेवटी जोडावा. सापडला की तेथपर्यंतचा भाग हा एक पूर्ण संदेश. आता, आणि आताच, तो डिकोड करावा. खुणेपलीकडे जे उरले असेल ते फेकून देऊ नये. ती पुढच्या संदेशाची सुरुवात आहे. नवशिक्यांच्या आज्ञावलीत नेमका हा उरलेला भाग हरवतो.

येथे एक शंका रास्त आहे. मराठी अक्षराच्या तीन बाइटांतच कोठे १० हा आकडा आला तर? तसे होत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी आणि कन्नड चिन्हांचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. म्हणून ओळीची खूण बाइटांत शोधणे निर्धोक आहे. खूण शोधावयाची बाइटांत आणि अक्षरे करावयाची संदेश पूर्ण झाल्यावर, हा नियम पाठ करून ठेवावा.

दुसरी रीत : आधी लांबी. अनेक ओळींचा पत्ता किंवा चित्र पाठवावयाचे असेल तर ओळीची खूण चालत नाही. अशा वेळी संदेशाच्या आधी त्याची लांबी चार बाइटांत पाठवितात. 'नमस्कार'साठी ०, ०, ०, २१. मोठा बाइट आधी ठेवण्याचा हा क्रम नेटवर्कच्या नियमांत रूढ आहे. घेणाऱ्याने 'नेमके इतके बाइट जमेपर्यंत वाच' असे काम करणारे एक छोटे फंक्शन लिहावे. त्याने आधी चार बाइट घ्यावेत, मग २१.

लांबी बाइटांची द्यावयाची, चिन्हांची नव्हे. पायथनला शब्दाची लांबी विचारली तर तो ७ सांगेल. तेच ७ पाठविले तर पलीकडचा सात बाइट घेईल, म्हणजे दोन चिन्हे आणि तिसऱ्याचा एक बाइट, आणि तेथून पुढची सगळी मोजणी बिघडेल. इंग्रजी शब्दात दोन्ही लांब्या सारख्याच येतात, म्हणून ही चूक इंग्रजीत तपासताना कधीच सापडत नाही. आपली आज्ञावली आपल्या लिपीत तपासण्याचे याहून चांगले कारण देता येणार नाही.

८. सर्व्हर बाहेर नेण्यापूर्वी

काही गोष्टी थोडक्यात सांगतो. चार बाइटांत ४ अब्जांहून मोठी लांबी मावते. कोणी खोडसाळपणे तेवढी लांबी पाठविली तर सर्व्हर तेवढी जागा अडवून बसेल. म्हणून मर्यादा आधीच घालावी, उदाहरणार्थ ६५,५३६ बाइट, आणि मोठी मागणी आली की जोडणी बंद करावी. ओळीच्या रीतीतही साठ्याला मर्यादा हवीच. जोडणी करून गप्प बसणाऱ्या क्लायंटसाठी 'सेट-टाइमआउट' ने वेळ बांधून द्यावी.

आपला सर्व्हर एका वेळी एकाशीच बोलतो. दुसरा रांगेत थांबतो. प्रत्येक क्लायंटसाठी वेगळा 'थ्रेड' सुरू केला तर अनेकांशी एकदम बोलता येते. प्रत्येक थ्रेडचा साठा मात्र स्वतंत्र असावा, नाहीतर एकाच्या नावाला दुसऱ्याचा काना लागेल.

दुसऱ्या यंत्रावरून जोडणी हवी असेल तर बाइंडमध्ये १२७.०.०.१ च्या जागी ०.०.०.० द्यावे, म्हणजे यंत्राच्या सर्व पत्त्यांवर सर्व्हर ऐकू लागतो. महाविद्यालयाच्या जाळ्यावर हे करण्यापूर्वी प्रयोगशाळेच्या प्रमुखांची परवानगी घ्यावी. आणि टीसीपी मजकूर लपवीत नाही, हेही लक्षात असावे. खरी नावे, गुण किंवा परवलीचे शब्द उघड्या जोडणीवरून पाठवू नयेत. त्यासाठी टीएलएस हे संरक्षण आहे आणि पायथनच्या 'एसएसएल' या मोड्यूलमध्ये ते मिळते.

स्वाध्याय

१. प्रतिध्वनी सर्व्हर लिहा. रिसीव्हचा आकडा क्रमाने १०, ९, ५ आणि १ ठेवून 'नमस्कार'चे काय होते ते वहीत नोंदवा. नंतर ओळीची खूण घालून चारही आकड्यांवर उत्तर तेच येते का ते पाहा. आले तरच तुमचा सर्व्हर बरोबर आहे.

२. क्लायंटमध्ये शब्दाचे बाइट एकेक करून पाठवा आणि प्रत्येकानंतर अर्धा सेकंद थांबा. सर्व्हरला फरक पडता कामा नये.

३. दोन संदेश एकाच सेंडऑलमध्ये जोडून पाठवा. सर्व्हरने दोन उत्तरे दिली पाहिजेत.

४. आपल्या वर्गातील दहा नावे देवनागरीत आणि कन्नडमध्ये लिहून घ्या. प्रत्येकाचे बाइट मोजा. ज्या नावांचे आकडे दोन्ही लिपींत सारखे येत नाहीत ती वेगळी काढा आणि कारण शोधा. त्यासाठी कन्नड विभागातल्या मित्राची मदत घ्यावी लागेल. ती जरूर घ्या.

५. लांबीची रीत वापरून सर्व्हर पुन्हा लिहा आणि मर्यादेपेक्षा मोठी लांबी पाठवून तो शांतपणे नकार देतो की कोलमडतो ते तपासा.

पायथनमध्ये ओळीगणिक वाचन करून देणारी तयार सोय आहे; सॉकेटवर 'मेकफाइल' ही आज्ञा दिली की साठ्याचे काम ती स्वतः करते. ती अवश्य वापरावी, पण पहिले तीन स्वाध्याय हाताने सोडविल्यानंतर. जी नावे उद्या तुमच्या आज्ञावलीतून जाणार आहेत त्यांचे मालक ती आज्ञावली कधी वाचणार नाहीत. तेव्हा प्रत्येक काना पोहोचला की नाही, हे तपासण्याचे काम तुमचेच आहे.